काटा बरोबर आहे

आमच्या घरात वजन हा विषय नवा नव्हता. बाबा चाळीस वर्षं सियागंज बाजारात तुलावटी होते. महाराष्ट्रात ज्याला मापाडी म्हणतात, तोच माणूस. घाऊक किराण्याच्या दुकानांपुढे साखरेची, धण्याची, हळदीची पोती काट्यावर चढायची आणि बाबा खड्या आवाजात मोजायचे. पहिल्या पोत्याला ते ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. मापाची सुरुवात शुभ शब्दानं करायची, ही जुनी रीत. मलाही त्यांनी मोजायला असंच शिकवलं. पहिलीत बाईंनी फळ्यावरच्या एकावर पट्टी ठेवली तेव्हा मी ठणकावून ‘लाभ’ म्हटलं, आणि बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं.

मोठी झाल्यावर मीही काट्यापाशीच येऊन पडले. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोल बघते. औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनतात तिथे. रोज सकाळी प्रमाणित वजन ठेवून काटा तपासायचा, रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा, सही करायची आणि मगच काम सुरू. काटा एका कणानं जरी चुकला तरी मी आरडाओरडा करते. कारखान्यात माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण नाहीतर पुढचं कोणाला खरं वाटणार नाही.

बाबांना जेवण जाईनासं झालं तेव्हा आम्ही दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काढले. मग दुर्बीण घातली, तुकडा काढला, स्कॅन झाला. जठराचा कॅन्सर होता आणि यकृतापर्यंत पोचला होता. कॅन्सरच्या डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान. त्यांनी बाबांपासून काही लपवलं नाही. हिंदीत, हळू आवाजात त्या म्हणाल्या की हा आजार पूर्ण जाणार नाही, पण औषधानं आवरता येईल. किती आवरेल आणि किती दिवस, ते शरीर औषध किती सोसतं यावर आहे. दर तीन आठवड्यांनी एक दिवस सलाइनमधून औषध, मग चौदा दिवस गोळ्या, मग सात दिवस सुट्टी. औषध किती द्यायचं ते उंची आणि वजनावरून ठरतं.

एवढ्या सगळ्यातून बाबांनी एकच गोष्ट उचलली. घरी येताना रिक्षात म्हणाले, “म्हणजे मला तोलून देणार औषध. चला, हिसाब साफ आहे.”

पहिल्या वेळी त्यांचं वजन अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅम भरलं. सिस्टरनं सुई लावली तेव्हा बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, “लाभ.” मी हसले. आई घरी देवापुढे बसली होती आणि दर पंधरा मिनिटांनी फोन करत होती.

त्या औषधाची एक तऱ्हा अशी की गार वस्तू सोसत नाही. सकाळी स्टीलचा पेला हातात घेतला की बोटांत झिणझिण्या यायच्या, साधं पाणी प्यायलं की घशात सुया टोचल्यासारखं व्हायचं. थंडी पडायला लागली होती. छत्रीबागेतलं आमचं घर नदीच्या बाजूचं, त्यामुळे ओल असतेच. बाबा घरातही बंडी, तिच्यावर स्वेटर, मफलर आणि पायमोजे घालून बसायला लागले. जो माणूस जानेवारीत गंजीफ्रॉकवर पोती मोजायचा, तो पाणी कोमट करून मागायचा. हे बघवत नव्हतं.

दुसऱ्या वेळी वजन छप्पन्न किलो नऊशे भरलं. एक किलो तीनशे ग्रॅम कमी.

डॉक्टर म्हणाल्या, “खाण्याकडे लक्ष द्या. वजन असंच उतरत राहिलं तर डोस कमी करावा लागेल. पुढे फारच उतरलं तर थांबून विचार करू.” त्यांनी हे अगदी साधेपणानं सांगितलं. मी औषधं घेऊन येते असं सांगून बाहेर गेले आणि जिन्यात बसून रडले. कोणी ओळखीचं नव्हतं तिथे. तोंड धुतलं, औषधं घेतली आणि परत आले ती चिडूनच.

मी अशीच आहे. भीती वाटली की मला राग येतो. घरी आल्यावर मी बाबांना बोलले, “डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलं ना? वजन उतरलं तर औषध बंद करतील. मग बसा.” डॉक्टर असं म्हणाल्या नव्हत्या. ‘विचार करू’चं ‘बंद करतील’ मी केलं होतं, कारण तेवढ्यानं तरी ते चार घास जास्त खातील असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी घरी डिजिटल काटा आणला. बाबांनी आयुष्यभर वापरलेली लोखंडी वजनं आमच्या माळ्यावर होती. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा मालकानं ती बाबांना देऊन टाकली होती. मी पाच किलोचं वजन खाली काढायला लावलं, नव्या काट्यावर ठेवून बघितलं आणि आकडा बरोबर आल्यावर वही काढली. रोज सकाळी आठला, कारखान्याची बस यायच्या आधी, बाबांनी काट्यावर उभं राहायचं आणि मी लिहायचं. कपड्यांचे म्हणून मी दर वेळी एक ठरावीक वजन वजा करायचे. मी काही बावळट नव्हते.

खाण्याचं तर विचारूच नका. दर दोन तासांनी काहीतरी. मऊ खिचडी, नाचणीची पेज, अंड्याचा पांढरा भाग, डब्यातली प्रोटीन पावडर. बाबांच्या तोंडाची चव गेली होती. त्यांना सगळं लोखंड चाटल्यासारखं लागायचं. ते दोन घास खाऊन वाटी खाली ठेवायचे आणि मी ती परत उचलून त्यांच्या हातात द्यायचे. आई मला म्हणायची, “अगं, बस कर ना. उलटी होईल त्यांना.” मी आईवरही ओरडायचे. कारखान्यात असताना जेवणाच्या सुट्टीत मी फोन करून विचारायचे की अकराची पेज घेतली का. आई हो म्हणायची. मी विचारायचे, पूर्ण? आई जरा थांबून परत हो म्हणायची. माझा डबा बऱ्याचदा तसाच घरी यायचा.

आणि हळूहळू वजन वाढायला लागलं.

एकदम नाही. आज शंभर ग्रॅम, दोन दिवसांनी परत शंभर. तिसऱ्या वेळी हॉस्पिटलच्या काट्यावर सत्तावन्न. डॉक्टर खूश झाल्या, म्हणाल्या, “बहुत अच्छा, अंकल.” चौथ्या वेळी सत्तावन्न किलो तीनशे. बाबांचे गाल आत गेले होते, मनगटाची हाडं वर आली होती, ते मला दिसत होतं. पण माझ्याकडे आकडा होता. डोळ्यांपेक्षा आकड्यावर विश्वास ठेवायचा, हे तर मी माझ्या हाताखालच्या पोरींना शिकवते. डॉक्टरांनी विचारलं, “डोस पूरा रखें?” आणि मीच पुढे होऊन म्हटलं, “हाँ डॉक्टर, वजन तो बढ़ रहा है.” त्या दिवशी येताना मी सराफ्यातल्या मिठाईवाल्याकडून आईसाठी मावाबाटी घेतली. किती दिवसांनी मी काही गोड घेतलं होतं.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. खऱ्या माणसाचं वजन रोज थोडं वरखाली होतं. पाणी, पोट, झोप, कशानंही. बाबांच्या वहीतला आकडा कधी मागे गेलाच नाही. कारखान्यात कोणी इतके सरळ आकडे आणून दाखवले असते तर मी विचारलं असतं, हे मोजून लिहिलंस की खुर्चीत बसून? घरी मी विचारलं नाही. मला ते आकडे हवे होते.

चौथ्या वेळेनंतर दहाव्या दिवशी बाबांना जुलाब सुरू झाले. तोंड आतून सोललं, पाणीही गिळवेना. दोन दिवस वजन करायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी ताप आला आणि आम्ही त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. गाऊन घालून, दोन जणांनी दंडाला धरून त्यांना क्षणभर काट्यावर उभं केलं. सिस्टरनं आकडा वाचला: त्रेपन्न किलो शंभर.

मी म्हटलं, “फिरसे देखिए.”

तिनं परत बघितलं. त्रेपन्न शंभरच.

माझं डोकं फिरलं. तीन दिवसांत चार किलो जातात का कोणाचे? मी त्या बिचारीवर तुटून पडले. हा काटा कोणी तपासला, शेवटचा कधी तपासला, त्याच्यावर तारखेचं स्टिकर कुठे आहे, तुम्ही याच्यावर औषध ठरवता आणि मशीन खराब ठेवता, माणसाच्या जिवाशी खेळता. वॉर्डातले लोक वळून बघायला लागले. आई माझा हात ओढत होती. सिस्टर रडवेली झाली. “मैडम, मशीन तो ठीक है,” एवढंच ती परत परत म्हणत होती. मी म्हटलं, “खराब है! मैं रोज़ यही काम करती हूँ!”

“काटा बरोबर आहे.”

बाबा पलंगावर टेकून बसले होते. तोंडात फोड होते, बोलताना त्रास होत होता. तरी ते परत बोलले, जरा मोठ्यानं.

“काट्याला खोटं नको बोलू. बरोबर आहे तो. मीच काटा मारला.”

मला काही कळेना. मी आईकडे बघितलं. आई खाली बघत होती. मग तिनं घरून आणलेली कपड्यांची पिशवी माझ्या पुढ्यात सरकवली. बाबांच्या अंगावरून काढलेली बंडी तिच्यात होती. मी उचलली आणि माझा हात खाली गेला, इतकी ती जड होती. बंडीला आतून दोन खिसे शिवले होते, जाड पोत्याच्या कापडाचे. टाके आईचे. ते बारीक, तिरके टाके मी कुठेही ओळखीन. एकेका खिशात एकेक किलोचं लोखंडी वजन होतं. वरच्या खिशात अर्धा किलोचं, आणि रुमालात बांधलेली बारकी वजनं.

तीन किलो. शंभर शंभर ग्रॅमनी चढवलेले. एका दिवसात माणूस किलोनं वाढत नाही, हे तुलावट्याला कोण शिकवणार?

बाबांनी आयुष्यात कधी काटा मारला नव्हता. सियागंजात लोक त्यांच्या तोलाची शपथ खायचे. एकदा दुकानातल्या काट्याचा फरक ध्यानात आला, तर साठ पोती मोजून झाली असतानाही त्यांनी सगळा माल परत काट्यावर चढवायला लावला होता. हमाल वैतागले, गाडीवाला शिव्या घालत होता. बाबा म्हणाले होते, खोटा तोल धरायचा नाही, परत लाभपासून. ही गोष्ट ते मला लहानपणी इतक्या वेळा सांगायचे की मी कंटाळायचे. आणि आता ती बंडी माझ्या हातात होती.

“का पण, बाबा?” मी विचारलं. राग नव्हता. राग यायला अंगात जीव लागतो.

बाबा थांबत थांबत म्हणाले, “त्या दिवशी तू जिन्यात बसून रडत होतीस ना. मी बाथरूमला जायला बाहेर आलो होतो. बघितलं मी.” मग जरा वेळानं, “सकाळी आकडा कमी आला की तू चहापण नाही पीत होतीस. तशीच बस पकडायला पळायचीस. मी म्हटलं, मी तर जाईन तेव्हा जाईन, ही पोरगी आधी आडवी होईल. आणि तूच बोललीस ना, औषध बंद करतील. मग तू काय केलं असतंस?”

आई म्हणाली, “मी नको म्हणत होते, गं. पण तू पेज पूर्ण झाली का विचारायचीस तेव्हा मीपण खोटंच बोलत होते. मग यांना काय बोलू?”

संध्याकाळी राउंडला डॉक्टर आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. लाज वाटत होती, पण सांगितलं. त्यांनी फाइल उघडून चारही वेळचे आकडे परत बघितले. मग म्हणाल्या की वजनाच्या हिशेबानं औषधात पडलेला फरक फार मोठा नाही, आणि असा त्रास एरवीही होऊ शकतो. पण वजन टिकलंय असं समजून त्यांनी पूर्ण डोस चालू ठेवला होता. खरा आकडा दिसला असता तर डोस उतरवला असता, खाण्याचा दुसरा मार्ग बघितला असता. हे बोलताना त्या बाबांकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ‘वजन तो बढ़ रहा है’ म्हणणारी मी होते, हे त्यांच्याही लक्षात असणार.

नऊ दिवस आम्ही तिथे होतो. पेशी वर येईपर्यंत रोज रक्त तपासायचे आणि रोज तो आकडा येईपर्यंत मी लॅबच्या खिडकीपाशी उभी राहायचे. त्या नऊ दिवसांत मी बाबांना एकदाही ‘खा’ म्हटलं नाही. फार कठीण गेलं. सिस्टरची मी माफी मागितली. ती म्हणाली, “कोई बात नहीं, मैडम,” पण पुढे मी आले की ती जरा लांबूनच बोलायची, आणि ते बरोबरच होतं.

घरी आल्यावर काटा मी माळ्यावर ठेवला. वहीही. एक दिवस दुपारी मी बाबांना विचारलं, पुढचं औषध घ्यायचं आहे का तुम्हाला? माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी. हा प्रश्न चार वेळा सुई लावून झाली तरी कोणी त्यांना विचारला नव्हता, मी तर नाहीच. ते उन्हात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, “कमी करून देत असतील तर बघतो अजून. मला पन्ह्यापर्यंत तरी राहायचंय.” पन्हं म्हणजे कैऱ्या, म्हणजे उन्हाळा. मी मनात महिने मोजले.

पाचवी वेळ दोन आठवडे उशिरा आली. त्या सकाळी हॉस्पिटलात सिस्टर तीच होती. तिनं काट्याकडे बोट दाखवलं. बाबांनी मफलर काढला, स्वेटर काढला, बंडी काढून माझ्या हातात दिली, पायमोजे काढले. थंडीनं त्यांच्या अंगावर काटा आला होता. फरशी गार होती, पाय ठेवताना त्यांचा चेहरा आक्रसला. मग घड्याळ काढलं. मग चष्मा काढायला लागले.

“बाबा, चष्मा राहू द्या. त्याचं काय वजन.”

“तोल तो तोल,” म्हणाले आणि चष्मा माझ्या हातात दिला. “वाच. मला दिसत नाही.”

सिस्टर फाइलमध्ये बघत होती. आकडा फक्त मला दिसत होता. बावन्न किलो चारशे. त्रेपन्न म्हणून टाकावं, असं माझ्या जिभेवर आलं. खरंच आलं. काटा तपासून सही करणारी मी, आणि सहाशे ग्रॅम माझ्या तोंडातून जाणार होते.

“बावन्न चारशे,” मी वाचलं.

बाबा खाली उतरले नाहीत. विचारलं, “घाबरलीस?”

“हो.” मग म्हटलं, “खूप.”

“मीपण,” बाबा म्हणाले.

चार महिन्यांत त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि ते उतरले. सिस्टरनं आकडा लिहून घेतला आणि पेन वर करून विचारलं, “कौन सा साइकल है, अंकल? पाँचवाँ ना?”

“लाभ,” बाबा म्हणाले.

तिला काही समजलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली.

“पाँचवाँ लिखिए, सिस्टर,” मी म्हटलं. मग बंडी उलटी केली, दोन्ही खिसे चाचपून बघितले, आणि ती बाबांना घालायला दिली.